वीस मिनिटांच्या अंतरावरची दाढ

निवृत्त दंतवैद्याला सहसा कोणी बोलावत नाही. लग्नकार्यात जुने पेशंट भेटतात ते ओठ मिटून हसतात, कारण मी तोंडात बघेन अशी त्यांना धास्ती असते. त्यामुळे "मंगळावर जाणाऱ्या माणसांना दात काढायला शिकवाल का?" असा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोणाचे?"

पलीकडचा माणूस हसला नाही. मी तिथंच फोन ठेवायला हवा होता.

त्याचं नाव कौस्तुभ. पस्तिशीचा इंजिनिअर. अंतराळाचं वेड असलेल्या माणसांची त्याची एक संस्था होती आणि त्यांनी आमच्या जवळच्या पूर्णा गावात गोदाम भाड्यानं घेऊन आत प्लायवुडचं एक घर बांधलं होतं. त्या घराला ते मंगळ म्हणत. खऱ्या मंगळावर यातलं कोणी जाणार नव्हतं. सहा माणसांनी चार महिने त्या घरात बंद राहायचं आणि इतक्या लांबच्या मोहिमेवर गेलेल्यांना काय काय करता यायला हवं ते करून बघायचं, एवढाच बेत होता. मध्ये दार उघडलं, तर प्रयोग तिथंच संपला.

"पण मंगळ पूर्णेला का?" मी विचारलं.

"छप्पर उंच आहे, सर. आणि भाडं परवडतं."

घरबसल्या मागवलेली साडी, मिक्सर आणि कुत्र्याची बिस्किटं पूर्णेच्या गोदामात मुक्काम करूनच पुढं जातात. मंगळानंच काय घोडं मारलंय?

घरी सांगितलं तेव्हा माझी बायको नसीम म्हणाली, "निजामपुऱ्यातल्या लोकांना जन्मभर दात घासायला शिकवलंत, एकानं ऐकलं नाही. आता मंगळाचे ऐकणार?"

तिचं चुकलं नव्हतं. तरी मी गेलो. निवृत्त माणसाला वैतागायला काहीतरी लागतं, आणि घरात नवं काही उरलं नव्हतं.

कौस्तुभनं मला समजावलं ते मात्र शहाणपणाचं होतं. एवढ्या लांब गेलेल्या माणसाला परत यायला महिनोन्‌महिने लागतात. बरोबर डॉक्टर एकच. न्हावी नाही, शिंपी नाही, प्लंबर नाही, भांडण मिटवायला चाळीतले म्हातारे नाहीत. तेव्हा प्रत्येकाला सगळं थोडंथोडं आलं पाहिजे: केस कापणं, तुंबलेली मोरी मोकळी करणं, मेथी लावणं, जखम शिवणं, एकमेकांचं घोरणं सहन करणं. माझ्या आधी निजामपुऱ्यातला एक शिंपी येऊन शिकवून गेला होता. जाताना तो मला फाटकापाशी भेटला. म्हणाला, "डॉक्टरसाब, पोरं हुशार आहेत. शिवायला सगळे तयार, उसवायला कोणी तयार नाही."

मला तेव्हा ते शिंप्याचं रडगाणं वाटलं.

माझ्या वर्गाला सहाही जण निळी जाकिटं घालून बसले. जाकिटावर तिरंगा, संस्थेचं चिन्ह, मोहिमेचं चिन्ह आणि प्रत्येकाचं नाव. एवढ्या बिल्ल्यांची माणसं मी फक्त बँडमध्ये पाहिली होती. मी निजामपुऱ्यातल्या मटणवाल्याकडून बकऱ्यांचे जबडे आणले होते. आमच्या कॉलेजातही आम्ही त्यावरच हात बसवला. बकऱ्याच्या दाढा चिवट असतात आणि बकरा तक्रार करत नाही. जबडे बघून भूगर्भशास्त्राचा एक शाकाहारी जाणकार उठून बाहेर गेला तो चहालाच परतला. मी म्हटलं, "तुमची दाढ दुखली की यांनी काय वाटाण्यांवर शिकून यायचं?"

त्यांचा कमांडर अनिरुद्ध. पुण्याचा, विमानाच्या इंजिनांवर काम केलेला, पहाटे उठून बारा किलोमीटर पळणारा. आवाज असा शांत की त्यानं आग लागल्याचं सांगितलं तरी लोक जेवण संपवून उठतील. मी काहीही सांगितलं की तो "कॉपी" म्हणे, म्हणजे समजलं. "पक्कड अशी धरायची." "कॉपी." "दात ओढायचा नसतो, आधी हलवून सैल करायचा." "कॉपी." दुपारपर्यंत मला त्या शब्दाचा ठणका लागला.

डॉक्टर होती मृणाल. कोन गावची, एमबीबीएस. घरची भातशेती होती, आता तिथं गाळे आहेत. तिचं "कॉपी" कधी आलं नाही. तिच्या फक्त शंका येत. पक्कड घसरली तर? भूल चढलीच नाही तर? पेशंटनं हात धरला तर? पहिल्या दिवशी मी तिलाही वैतागलो होतो.

धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. दात काढणं हे काम अवघड नाही, कोणता काढायचा ते ठरवणं अवघड. दाढेचं दुखणं चुगलखोर असतं. स्वतः करतं आणि शेजारणीचं नाव सांगतं. डावी-उजवी बाजू सहसा चुकत नाही, वर-खाली मात्र हमखास चुकते. वरची किडलेली असते आणि माणूस शपथेवर खालच्या दाढेवर बोट ठेवतो. म्हणून आम्ही छोट्या आरशाच्या दांडीनं एकेका दातावर ठकठक करतो आणि पेशंटच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघतो.

हे शिकवताना मी त्यांना एका हाजीसाहेबांची गोष्ट सांगितली. लूममालक, स्वतःचे यंत्रमाग, मोठा दरारा. ठणका लागला की रात्रभर तळमळायचे आणि सकाळी माझ्याकडे येण्याआधी दुखणं मारायची गोळी घ्यायचे, कारण माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्यांचेच कामगार बसलेले असत. त्यांच्यासमोर कण्हायचं कसं? खुर्चीत बसले की म्हणत, "अब तो बिलकुल आराम है, डॉक्टर." मी ठकठक करायचो. इथं? नाही. इथं? थोडं. त्या 'थोडं'वर मी कधी कोणाचा दात काढला नाही. ज्यानं माणसाला रात्रभर जागवलं तो दात 'थोडा' दुखत नसतो. तीनदा परत पाठवलं. माझ्या भिंतीवर मराठी, हिंदी, उर्दूत पाटी होती, 'येताना गोळी खाऊन येऊ नये.' हाजीसाहेब तिन्ही भाषा वाचत आणि गोळी खाऊन येत. चौथ्यांदा आले ते गाल धरून. मी वरच्या दाढेला दांडी लावली आणि ते असे ओरडले की बाहेरचे कामगार उठून उभे राहिले. ज्या खालच्या दाढेवर ते आठवडाभर बोट ठेवत होते, ती ठणठणीत होती.

अनिरुद्धनं विचारलं, "सर, ही केस प्रोटोकॉलमध्ये कुठं बसते?"

मृणालनं विचारलं, "चौथ्यांदा गोळी का नाही खाल्ली त्यांनी? तुम्ही सांगितलं म्हणून?"

"माझं कोण ऐकतंय. बेगमनं गोळ्या लपवल्या."

ती हसली. बाकीच्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बेगमचं नक्कीच नाही.

दार बंद करण्याचा समारंभ झाला. दीपप्रज्वलन, नारळ, पाहुण्यांचं भाषण. पाहुण्यांनी मंगळाला तीनदा चंद्र म्हटलं. मला शाल मिळाली. माझ्याकडे अशा इतक्या शाली आहेत की मंगळाच्या थंडीतही पुरतील. गोदामाचे मालक रघुनाथशेठ पाटील यांच्या आईनं मंगळाच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. कौस्तुभनं ती काढली, म्हातारीनं परत बांधली, त्यानं परत काढली. शेवटी रघुनाथशेठ म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. मंगळाला काय व्हतंय त्यानं?" ती राहिली. रघुनाथशेठनी एक गोष्ट मात्र बजावून ठेवली होती: दिवाळीच्या मालासाठी हे गोदाम त्यांनी दुसऱ्याला कबूल केलं होतं. चार महिन्यांनी जागा रिकामी हवी. म्हणजे मध्ये दार उघडलं तर पुन्हा सुरू करायला ना जागा, ना वेळ.

'मिशन कंट्रोल' म्हणजे गोदामाची जुनी वजनकाट्याची केबिन. ती मंगळाच्या स्वयंपाकघराला चिकटून होती, मध्ये फक्त प्लाय. आतल्या कुकरच्या शिट्या आम्हाला ऐकू येत. पण आतल्यांशी बोलायचं ते लेखी, आणि तिथून इथं किंवा इथून तिथं निरोप पोचायला वीस मिनिटं लागत, कारण खऱ्या मंगळावर तशीच लागतील. संगणक निरोप अडवून धरत असे आणि वेळ झाली की सोडत असे. मी कौस्तुभला म्हटलं, "अरे, मी इथून खोकलो तरी त्यांना ऐकू जाईल."

"ऐकू गेलं तरी त्यांनी ऐकलं नाही असं धरायचं, सर."

हे सगळे सुशिक्षित लोक होते.

अर्धी मोहीम पार पडली आणि कौस्तुभचा फोन आला: कमांडरची डावीकडची दाढ दुखतेय. आत जाण्यापूर्वी मीच त्याला तपासलं होतं. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पहिल्या मोठ्या दाढांत शाळेच्या वेळचं जुनं सिमेंट होतं. मी म्हटलं होतं, दोन्ही नव्यानं भरून घे. तो म्हणाला होता, मोहिमेनंतर.

आधी औषधं सुरू केली. अट घातली: ताप चढला, गाल सुजला किंवा तोंड उघडेना झालं, तर मंगळ गेला खड्ड्यात, दार उघडायचं. त्यांच्या नियमावलीतही एक अट होती. दुखणं मारायच्या गोळ्या दोन दिवसांपेक्षा जास्त घ्याव्या लागल्या, तर पेशंटला आत ठेवायचं की नाही हे बाहेरच्यांनी ठरवायचं. ताप नव्हता, सूज नव्हती, पण ठणका हटेना. मी ठरवलं, दाढ काढायची. भूल द्यायला मृणाल होतीच. तिला म्हटलं, ठकठक करून नीट कळव.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये पोचलो तेव्हा तिचं उत्तर आलेलं होतं. त्यांच्या ठरलेल्या तक्त्यावर, ज्यात फक्त 'हो' आणि 'नाही' अशाच जागा होत्या. वरची दाढ: नाही. खालची दाढ: हो. वेदनाशामक घेतलं आहे का: नाही.

चित्र स्वच्छ होतं. मी कळवलं: खालची काढ. कौस्तुभनं बटण दाबलं आणि निरोप वीस मिनिटांच्या प्रवासाला निघाला. अंतर हातभर.

पाचेक मिनिटांनी कमांडरचा रोजचा व्हिडिओ आला. आतल्यांनी तो आधीच पाठवलेला, आत्ता पोचलेला. अनिरुद्ध शांतपणे सांगत होता: पाणी इतकं, वीज इतकी, मेथीला किडा. मध्येच त्यानं कप उचलला आणि वाफाळत्या चहाचा घोट घेतला. डाव्या गालात घोळवून, चवीनं.

मी खुर्चीतून उठलो. "कौस्तुभ, याला दुखतच नाहीये."

"म्हणजे बरंच झालं की, सर."

"बरं कसलं? यानं गोळी खाल्लीय. गोळी खाल्लेल्या माणसाला ठकठक करून काय कळणार? खालची 'हो' म्हणजे किती हो?"

"तक्त्यात तशी जागा नाही, सर."

"तुमचा तक्ता त्याच्या तोंडात घाल. दुसरा निरोप पाठव: थांब, गोळीचं विचार."

त्यानं लगेच पाठवला. पण पहिला निरोप पुढं होता आणि दुसरा त्याच्या मागं, आणि मंगळाच्या वाटेवर ओव्हरटेक करता येत नाही. मला आठवलं, मी आलो तेव्हा आत कुकरच्या दोन शिट्या झाल्या होत्या. त्यांचा नाश्ता पोह्यांचा होता. पोह्यांना कुकर लागत नाही. हत्यारं त्या कुकरमध्येच उकळायची, असं मीच शिकवलं होतं. म्हणजे पक्कड तयार होती.

"दार ठोक," मी म्हणालो.

"सर, मंगळावर दार ठोकता येत नाही."

"मी मंगळावर नाही. मी पूर्णेला आहे."

"मला कळतंय, सर."

"काय कळतंय? चांगली दाढ गेली की परत येत नाही. आणि सडकी आत राहिली, तर चार दिवसांनी तुला दार उघडावंच लागणार."

कौस्तुभचा चेहरा उतरला होता. दोन वर्षं त्यानं या प्लायवुडपायी घालवली होती. तो बाजूला सरला. "ठोका, सर. मी अडवत नाही. पण मग उघडलं असं धरावं लागेल. सगळं इथंच संपेल."

या धंद्यात मी पुष्कळांना गप्प बसवलं, पण एखाद्याचा खेळ असा हातानं मोडायची वेळ कधी आली नव्हती. माझा तो सगळा वैताग, ती जाकिटं, ते 'कॉपी', त्या शाली, सगळं त्या क्षणी फार क्षुल्लक वाटलं आणि त्यामुळं अधिकच वैताग आला. घड्याळ बघितलं. पहिला निरोप पोचला होता. मी प्लायपाशी गेलो, मूठ उचलली. पलीकडून आवाज आला. अनिरुद्धचा.

"सूचना आली आहे, डॉक्टर. खालची काढा असं स्पष्ट लिहिलंय."

"वाचलं मी," मृणाल म्हणाली. "आधी हे पाणी प्या."

पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"फ्रिजमधलं होतं ते. गटागट प्यायलात. काल घोट घेताना ओटा धरून उभे होतात."

"आज बरं आहे."

"बरं आहे तर काढायची कशाला? गोळी कधी घेतलीत?"

आत खुर्ची करकरली.

"सकाळी," अनिरुद्ध म्हणाला.

"आणि मला काय सांगितलंत? नाही म्हणून. तेच मी बाहेर कळवलं."

"दोन दिवस उलटले होते, मृणाल. गोळीचं सांगितलं असतं तर दार उघडायचा विषय निघाला असता. पाच जणांची मेहनत आहे."

"पाच जणांच्या मेहनतीचा दाढेशी काय संबंध? मी नाही काढणार."

"कमांडर म्हणून सांगतोय."

"तुम्ही सगळ्याचे कमांडर, सर. दाढेचे नाही. गोळ्या द्या इकडं. खिशातल्या पण."

पाकीट ओट्यावर टाकल्याचा आवाज आला.

"आता उतरू दे. दुपारी परत ठोकून बघते. आणि सर, तेव्हा शूरपणा नको. दुखलं की ओरडा. ओरडला नाहीत तर मला दाढ सापडायची नाही."

मी मूठ खाली घेतली. कौस्तुभ माझ्या मागंच उभा होता. त्यानंही सगळं ऐकलं होतं. दोघंही आपापल्या खुर्चीत जाऊन बसलो. आम्हाला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

वीस मिनिटांनी रीतसर निरोप आला. 'खालची काढत नाही. कमांडरनी गोळी घेतली होती. उतरू देते. गोळ्या माझ्या खिशात आहेत.' माझी सूचना तिनं सरळ मोडली होती. एवढ्या वर्षांत माझी सूचना कोणी मोडली की मला राग यायचा, आणि मोडणारे बहुतेक चुकलेले असायचे. क्लिनिकमध्ये मी माणसांना गप्प राहायला फार शिकवलं. तोंड उघडा, हलू नका, ओरडू नका, बाहेर पोरं घाबरतात. ओरडणाऱ्याला मी भित्रा म्हणायचो. शिंपी म्हणाला होता ते मला तिथं बसल्याबसल्या पटलं. उसवायला तयार असलेली एक होती, कोन गावची.

दुपारपर्यंत आम्ही बसून राहिलो. डबा खाल्ला. कौस्तुभनं मला मंगळावरच्या मातीविषयी सांगितलं, मी त्याला त्याच्या अक्कलदाढेविषयी सांगितलं. आतून मधूनमधून येरझाऱ्यांचा आवाज येत होता. पहाटे बारा किलोमीटर पळणारा माणूस सहा पावलांच्या स्वयंपाकघरात फिरत होता. मग येरझाऱ्या थांबल्या. खुर्ची सरकली.

"खालची," मृणालचा आवाज आला. "इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"आता वरची, सर. खरं सांगा."

आणि मग तो ओरडला. हाजीसाहेबांपेक्षा वरच्या पट्टीत. गोदामाच्या पत्र्याला आवाज लागून परत आला, आढ्यावरची कबुतरं उडाली. त्यामागोमाग आत कोणीतरी हसलं, आणि ओरडणाराही हसल्यासारखा वाटला. थोड्या वेळानं कुकर चढवल्याची खडबड ऐकू आली.

कौस्तुभनं डोळे मिटून घेतले होते. निरोप यायला अजून वीस मिनिटं होती.

तेवढ्यात रघुनाथशेठ धावत केबिनच्या दारात आले. "काय झाला, डॉक्टर? आत कोन वराडला?"

मी कौस्तुभकडे बघितलं. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

"अजून कोणी नाही, शेठ," मी म्हणालो. "बसा, चहा घ्या."